कासवाच्या घरट्यात तापमान मोजण्याची परवानगी: माझा अनुभव

लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं मिळवणं, हॅचरीतल्या, म्हणजे कासवांची अंडी किनाऱ्यावरून आणून सुरक्षित खड्ड्यांत उबवतात तिथल्या, लोकांना पटवणं, ही कामं सरळ झाली. लिहायचंय ते परवानगीच्या अर्जाबद्दल, कारण तो आठवला की अजूनही डोकं तापतं.

मागणी तशी एवढीशी होती. समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. बहुतेक जातींत २९ अंशांच्या आसपास नर-माद्या निम्मे-निम्मे निघतात. त्याहून गार राहिलं तर नर वाढतात, तापलं तर माद्या. ३५ च्या पुढे बराच काळ गेलं तर गर्भच दगावतात. मला फक्त बटणाएवढे लॉगर अंड्यांमध्ये ठेवून तासातासाची नोंद घ्यायची होती.

अर्जात पहिला रकाना: किती प्राणी हाताळणार? मी लिहिलं, शून्य. अर्ज परत. ‘शून्य असतील तर परवानगी कशाला मागताय?’ बरं, मग अंड्यांचा आकडा लिहिला, एका घरट्यात शंभरेक. तर म्हणे नेमकी संख्या हवी. अहो, मादी अजून समुद्रात आहे! पुढचा रकाना तर कहरच: उपकरण कोणत्या तारखेला बसवणार? कासवाला विचारून कळवतो, असं ओठांवर आलं होतं, गिळलं.

मग साहेबांची शंका: तापमान हवामान खात्याकडून घ्या की. हवेचं तापमान आणि हात-दीड हात खोल वाळूचं तापमान यांचा तसा मेळ नसतो, वाळूचा रंग, सावली, पाऊस, ओल, सगळ्याचा फरक पडतो, हे मी खिडकीपाशी उभ्या उभ्या समजावलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळपट्ट्याच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या सापडल्याचा २०१८ चा अभ्यासही जोडला. त्यावर उत्तर, ‘आपल्याकडे कुठे आहे तसं?’ तेच तर मोजायचं होतं.

फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती आणि इकडे हंगाम सुरू झाला. उशीर म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, हे तिथे कुणालाच कळत नव्हतं. अंडी घातल्यावर काही तासांतच गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला, वर चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की तो मरतो. म्हणजे लॉगर आत जायचा तो अंडी हॅचरीच्या खड्ड्यात रचतानाच, निम्मी खाली, मग लॉगर, मग उरलेली. त्यातून उबवणी ४५ ते ७० दिवसांची, आणि लिंग ठरतं ते तिच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. तो हिस्सा सही-शिक्क्यासाठी थांबत नाही. पहिली काही घरटी अशीच हातची गेली. त्यांच्या शेजारच्या वाळूत तेवढे लॉगर पुरले. त्याला घरटं उघडावं लागत नाही, पण तुमच्याकडे त्यालाही परवानगी लागते का, ते आधी विचारा.

शेवटी अर्ज हलला तो हॅचरीच्या एका पत्रामुळे. लॉगर प्रशिक्षित माणूसच ठेवेल, अंडी एरवी हलवतात तेव्हाच ठेवेल, जादा हाताळणी होणार नाही, एवढंच त्यात होतं. आकड्याच्या जागी ‘इतकी घरटी’ आणि तारखेच्या जागी पूर्ण हंगामाचा कालावधी लिहिला. सही झाली! हे पत्र पहिल्याच दिवशी जोडा, आणि अर्ज आदल्या हंगामातच टाका.

आणखी एक. उद्देशाच्या रकान्यात ‘पिल्लांचं लिंग तपासणे’ असं चुकूनही लिहू नका. पिल्लू वरून पाहून नर-मादी कळत नाही. खात्रीसाठी आतल्या जननग्रंथींचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. हे ठाऊक असलेल्या अधिकाऱ्याला वाटेल, तुम्ही पिल्लं कापणार. ‘तापमानाची नोंद’ लिहा. तापमानावरून मिळतो तो अंदाजच, हे खरंही आहे.

हंगामाअखेर आलेख उघडला तेव्हा मात्र जीव सुखावला. वाळूतल्या लॉगरची रेघ जवळजवळ सपाट, आणि घरट्यातली शेवटच्या टप्प्यात तिच्यापासून सुटून वर वर गेलेली. ही ऊब वाढत्या गर्भांची स्वतःची. म्हणून नुसत्या वाळूच्या आकड्यांवर घरट्याचा हिशेब मांडू नये, आणि सगळ्या उबवणीची सरासरी काढून त्यावरून माद्या मोजू नयेत. मधला हिस्सा वेगळा काढावा.

हो, लॉगर पुरण्याआधी सगळे एकत्र वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्य दाखवतात का ते. नंतर तिशीच्या आसपासच्या कोमट पाण्यात, चांगल्या थर्मामीटरशेजारी. इथे अर्ध्या अंशाच्या फरकानेही नर-मादीचं गणित बदलतं. आणि प्रत्येकाला दोरी बांधून ती पिल्लांच्या वाटेत येणार नाही अशी कडेने वर काढा. रिकाम्या टरफलांच्या चिखलात काळं बटण शोधणं फार वैतागाचं काम आहे.