वीस अंशांचा घोळ

काँप्युटरचा प्रोसेसर फार तापलेला दिसत होता, म्हणून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा हीटसिंक यांच्यामधला लेप, मी दोनदा बदलली. पहिल्यांदा जुनी वाळली असेल म्हणून, दुसऱ्यांदा पहिल्या वेळी नीट पसरली नसेल म्हणून. दोन्ही वेळा काँप्युटर सुरू करून काहीही न उघडता नुसता बघत बसलो. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा तोच, ५८ अंश. पंखाही जोरात.

प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७ १७००एक्स, सेकंडहँड घेतलेला, त्यामुळे संशय आधी त्याच्यावर. पण हीटसिंकला हात लावला तर जेमतेम कोमट. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं नाही, म्हणून आणखी एक सॉफ्टवेअर उतरवलं. ते म्हणालं ३८. प्रोसेसरला पूर्ण कामाला जुंपणारा प्राइम९५ हा प्रोग्राम लावून तो तापवला, तर पहिल्या सॉफ्टवेअरवर ८६, दुसऱ्यावर ६६. फरक हलेचना, कायम २०. बिघडलेला सेन्सर इतक्या शिस्तीत चुकत नाही.

थोडं वाचल्यावर उलगडा झाला. सेन्सर प्रोसेसरच्या आतच असतो. सॉफ्टवेअर काहीच मोजत नाही, फक्त तिथला आकडा वाचून दाखवतं. एएमडीने १७००एक्स आणि १८००एक्सच्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले आहेत, सगळ्या मॉडेलांना पंख्याचं एकच धोरण चालावं म्हणून. हा वाढवलेला आकडा म्हणजे टीसीटीएल, आणि चिपचं खरं तापमान म्हणजे टीडाय. साध्या १७०० मध्ये ही भानगडच नाही. २७००एक्समध्ये आहे, पण १० अंशांची. म्हणजे माझं पहिलं सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. टीसीटीएल दाखवून त्यावर नुसतं 'सीपीयू' असं लिहीत होतं, आणि त्या एका शब्दापायी मी दोनदा हीटसिंक उघडला.

इंटेलवाल्यांचाही घोळ असतो, वेगळा. तिथला सेन्सर कमाल मर्यादेपासून किती अंश खाली आहोत एवढंच सांगतो. ती मर्यादा, म्हणजे टीजेमॅक्स, धरून सॉफ्टवेअर वजाबाकी करतं. इंटेलच्या जुन्या कोअर २ प्रोसेसरांच्या काळात ही मर्यादा प्रोसेसरमधून थेट वाचता येत नसे, सॉफ्टवेअरला ती गृहीत धरावी लागे. ती चुकली की सगळे आकडे चुकले.

मग तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर निवडताना दिसायला छान काय, हे बघणं सोडलं. माझं मॉडेल याला ओळखता येतं का आणि कुठल्या सेन्सरचा आकडा आहे हे ते स्पष्ट लिहितं का, एवढंच पाहिलं. एकात १२७ अंशांची एक ओळ होती, जी मदरबोर्डावरच्या काहीही न जोडलेल्या पिनांची निघाली. ते लगेच काढलं. दुसरं खोलीच्या तापमानाहूनही खालचा आकडा देत होतं. हवेने थंड होणारा प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, तेव्हा तेही गेलं. माझा अंदाज, त्याने २० अंश दोनदा वजा केले असावेत.

उरले दोन. लिब्रेहार्डवेअरमॉनिटर मुक्त स्रोताचं म्हणून मला आवडत होतं, पण ते तेव्हा ज्या ड्रायव्हरवर (हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) चाले त्याला विंडोजचा अँटीव्हायरस, विंडोज डिफेंडर, २०२५ मध्ये धोकादायक म्हणून अडवू लागला. तो इशारा दाबून टाकायची माझी तयारी नव्हती. दुसरं एचडब्ल्यूइन्फो. त्यात टीसीटीएल आणि टीडाय शेजारी शेजारी, नावानिशी दिसले. शिवाय किमान, कमाल आणि सरासरी, आणि प्रोसेसर तापून वेग कमी करतोय का, तेही. एवढे रकाने बघून पहिल्या दिवशी डोकं गरगरतं, पण नको त्या ओळी लपवता येतात.

तरी मन मानेना. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, तिथलं तापमान दाखवणारं एलएम-सेन्सर्स टाकलं. त्याचा कोडच वेगळा, त्यामुळे तीच चूक दोघांकडून व्हायची शक्यता कमी. तिथेही टीसीटीएल ५८, टीडाय ३८.

एक गोष्ट उशिरा कळली. अशी दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी उघडी ठेवली की दोन्ही मदरबोर्डावरच्या त्याच चिपला विचारायला जातात आणि मधूनच भलताच आकडा येतो. मी तुलनेच्या नादात आठवडाभर तीन-तीन उघडी ठेवत होतो. आता एकच चालतं.

पंख्याचा आवाजही सुटला. माझा बोर्ड पंखा टीसीटीएलवर चालवतो, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन फॅन कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला पंखा किती जोरात फिरावा या आलेखाचा, प्रत्येक टप्पा २० अंशांनी वर सरकवला.