एक उंबरठा, तीन राज्ये

बँकेच्या निवृत्तिवेतन विभागात नोव्हेंबर महिना हयातीच्या दाखल्यांचा असतो आणि ज्यांना शाखेत येणे जमत नाही, त्यांच्या घरी आम्हीच जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात असाच मी बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या घरी गेलो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांना नुकतीच शंभर वर्षे पूर्ण झाली होती. केंद्राच्या नियमाप्रमाणे शंभरी गाठणाऱ्यास मूळ निवृत्तिवेतनाइतकीच रक्कम वाढवून मिळते, त्यामुळे जन्मतारीखही पडताळायची होती.

बोटांच्या रेषा झिजल्याने यंत्र अंगठा घेईना. शेवटी मोबाइलवर चेहऱ्याने ओळख पटवायचे ठरले. सूनबाईंनी कानाशी वाकून "डोळे मिचकावा" म्हणताच त्यांनी सावकाश पापण्या मिटून उघडल्या आणि दाखला झाला.

मग पत्र्याची पेटी उघडली. १९४३ चे नेमणूकपत्र गायकवाड सरकारच्या रेल्वेचे होते. नोकरी डभोईच्या नॅरोगेजवर, ज्या मार्गावर १८६२ मध्ये बैल गाडी ओढत असत. १९४९ मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी ती रेल्वे बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेकडे गेली, १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली, १९६० मध्ये गुजरात राज्य. दर काही कागदांनंतर शिक्का बदललेला, घराचा पत्ता मात्र तोच. सयाजीराव महाराज १९३९ मध्ये गेले तेव्हा आपल्याला पंधरावे वर्ष चालू होते आणि घरात चूल पेटली नव्हती, हे त्यांनी आपणहून सांगितले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो १९५७ नंतरचा एक पिवळा कागद. रेल्वेत पेन्शन योजना आली, तेव्हा जुन्या नोकरदारांना भविष्यनिर्वाह निधी किंवा पेन्शन यांतून निवड करायची होती. घरातल्या थोरांचा आग्रह एकरकमी पैशाचा होता. त्यांनी पेन्शन निवडली. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले. चाकरी एकोणचाळीस वर्षांची आणि निवृत्तिवेतन बेचाळीस वर्षांचे, असा हिशेब मी याआधी कोणाच्याही खात्यात पाहिला नव्हता.

निघताना ते म्हणाले, "साहेब, वाढ वाढदिवसापासून नव्हे, महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरतात." शाखेत येऊन परिपत्रक पाहिले, नियम तसाच होता आणि वाढ १ नोव्हेंबरपासूनच लावली.