गुडघे दुखतात, एव्हरेस्ट बघायचाय, हेलिकॉप्टरने गेलं तर चालतंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही एकट्यानेच विचारलंय असं नाही, बेळगावात टिळकवाडीत भाजी घेताना, लग्नात पंगतीत, सकाळच्या वॉकिंगला, कुठं ना कुठं कोणीतरी हे विचारतंच, कारण मी बेस कॅम्पचा ट्रेकही केलाय आणि नंतर ताई-भावजींबरोबर हेलिकॉप्टरनेही जाऊन आलेय. प्रश्न साधारण असा असतो की ट्रेकला बारा-चौदा दिवस लागतात, रोज चालायचं, थंडी, तिथलं टॉयलेट, हे काय आम्हाला जमणारं नाही, मग हेलिकॉप्टरने गेलं तर तेच बघायला मिळतंय की नाही? आणि त्यापाठोपाठ हमखास, "आम्ही केदारला गेलोच की हेलिकॉप्टरने."

तर आधी केदारचंच बोलू. केदारनाथ आहे 3,583 मीटरवर आणि फाटा किंवा सिरसीहून उडालं की काही मिनिटांत खाली उतरवतात, उतरून दर्शनाला जायचं, म्हणजे हेलिकॉप्टर तिथं रिक्षाचं काम करतं. एव्हरेस्टला असं पोचायचं काहीच नसतं. उडणं आणि बघणं हाच कार्यक्रम. आणि उंची कुठल्या कुठं जाते. काठमांडू 1,400 मीटरवर, आपलं बेळगाव त्याच्या निम्म्यावर, आणि तुम्हाला नेतात ते एव्हरेस्टसमोरच्या काला पत्थर नावाच्या टेकाडावर, म्हणजे साडेपाच हजार मीटरच्या वर, आणि ते सुद्धा चहा-नाश्त्याच्या वेळेच्या आत.

आणखी एक गैरसमज काढून टाकते. हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या डोक्यावरून घिरट्या घालत नाही. शिखर 8,848.86 मीटर, हा आकडा नेपाळ आणि चीनने मिळून 2020 मध्ये जाहीर केला. टूरसाठी जे हेलिकॉप्टर सर्रास वापरतात ते H125, एका इंजिनाचं, त्याची मर्यादाच सात हजार मीटरच्या आसपास आहे. 2005 च्या मे महिन्यात दिदिए देल्साल नावाच्या फ्रेंच पायलटने याच जातीचं हेलिकॉप्टर थेट शिखरावर टेकवलं होतं हे खरं आहे, खरं तो टेस्ट पायलट, एकटा, सगळं सामान उतरवून हलकं केलेलं मशीन, त्याचा आणि आपल्या टूरचा काही संबंध नाही. तुम्ही शिखराच्या खाली, समोर उभं राहून वर बघता. ब्रोशरवरचे फोटो बघून ज्यांना वाटतं की आपण ढगाच्या वरून खाली एव्हरेस्ट बघणार, त्यांनी तो विचार सोडून द्यावा.

मग दिवस कसा जातो? पहाटे काठमांडूच्या डोमेस्टिक टर्मिनलला, हवा साफ असली तर उड्डाण, लुकलाला, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावाला, पेट्रोल भरायला थांबा (पेट्रोल म्हणजे विमानाचं इंधन हो, आपण सगळ्यालाच पेट्रोल म्हणतो), मग नामचे गाव, तेंगबोचेची गोम्पा (बौद्ध मठ) हे सगळं खिडकीतून मागे जातं, ट्रेकला ज्या चढावर माझा अख्खा दिवस गेला होता आणि ज्या पुलावर मी देवाचं नाव घेत होते तो पूल खालून कधी गेला ते कळलं पण नाही. आणि मग फेरिचे नावाच्या गावात उतरवतात. इथं खरी गंमत.

फेरिचे साधारण 4,300 मीटरवर. इथून पुढं हेलिकॉप्टरमधल्या पाचही प्रवाशांना एकदम नेत नाहीत, दोन-तीन जणांच्या खेपा करतात. कारण हवा विरळ झाली की पंख्याला उचलायला कमी मिळतं आणि इंजिनची ताकद पण कमी होते, म्हणून वजन उतरवावंच लागतं. आमच्या वेळी तिथला माणूस आला, प्रत्येकाला किती किलो विचारलं, ताईने लाजून जरा कमीच सांगितलं, त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या मनाने वहीत आकडा लिहिला. मग म्हणाला बॅगा इथंच. ताईच्या पर्समध्ये बेळगावच्या कॅम्प भागातून घेतलेला कुंद्याचा (आपली खव्याची मिठाई) डबा होता, तो सुद्धा काढायला लावला. भावजी म्हणाले, अहो अर्धा किलो कुंद्याने काय होतंय? तो हसला, खरं डबा काही परत दिला नाही, परत आल्यावर मिळाला. आम्ही त्यातला निम्मा त्यालाच दिला.

काला पत्थरवर उतरलात की मोजून दहा मिनिटं. काही वेळा त्याहून कमी. पायलट इंजिन बंद करत नाही, पंखा फिरतच असतो, वाकून बाजूला जायचं, वारा, बर्फाचे कण तोंडावर, ग्लोव्ह घातलेला म्हणून मोबाईलचा स्क्रीन चालत नाही, ग्लोव्ह काढला की बोटं बधिर. भावजींनी घाईघाईने जो फोटो काढला तो शेजारच्या नुप्त्से शिखराचा. हे शंभरातल्या बहुतेकांचं होतं, कारण नुप्त्से 7,861 मीटरचाच आहे तरी पुढं असल्यामुळे मोठा दिसतो आणि एव्हरेस्ट त्याच्या मागून काळा त्रिकोण काढून बघत असतो, उंची असून मागच्या बाकावर. आधी कोणाला तरी नीट विचारून ठेवा कुठला तो, नाहीतर घरी आल्यावर हॉलमध्ये नुप्त्से फ्रेम करून लावाल. आणि बेस कॅम्पवरून, म्हणजे जिथं ट्रेकवाले इतके दिवस चालून जातात तिथून, शिखर दिसतच नाही, हे ऐकून निम्म्या लोकांना धक्का बसतो. बघायचा असेल तर काला पत्थरच.

दहाच मिनिटं का, याचं उत्तर विमान कंपनीच्या कंजूषपणात नाही, आपल्या छातीत आहे. साडेपाच हजार मीटरवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच 21 टक्के असतं, खरं हवेचा दाबच निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला मिळतो निम्मा. ट्रेक करणारे हळूहळू चढतात ते उगीच नाही, 3,000 च्या वर गेलं की झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधारण नियम आहे, नामचेला एक दिवस मुक्काम वाढवतात, तेवढ्यात शरीर आपलं आपण जुळवून घेतं. हेलिकॉप्टरमध्ये ते जुळवून घेणं काहीच होत नाही. डोकं दुखणं, उलटी, हा जो उंचीचा त्रास म्हणतात तो बहुतेक वेळा काही तासांनी सुरू होतो, आणि तोवर तुम्ही खाली आलेले असता, म्हणून बहुतेकांचं निभावतं. खरं चक्कर, धाप, हे लगेच होऊ शकतं. ताई चार पावलं चालली आणि बसली, तिला ऑक्सिजनचा मास्क लावला, दोन मिनिटांत ठीक, पण त्या दोन मिनिटांत भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ज्यांना हार्टचा, दम्याचा, बीपीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि "खालीच बसून राहतो की" असं म्हणून चालत नाही, मधला थांबा फेरिचेचा असला तर तोच मुळात सव्वाचार हजारावर आहे.

आता सुरक्षिततेचं. पायलट डोळ्याने बघूनच उडतात, दरीत ढग चढले की संपलं. म्हणून सगळं सकाळी, आणि म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे. जुलै 2023 मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, एव्हरेस्ट बघून परतणारं एक हेलिकॉप्टर पडलं, मेक्सिकोचे 5 पर्यटक आणि पायलट गेले. केदारला जून 2025 मध्ये खराब हवेत असंच झालं, 7 जण गेले. घाबरवायला सांगत नाही. सांगायचं एवढंच की आज हवा नाही म्हणून पायलटने नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नका, आणि परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढून ठेवू नका. काठमांडूत दोन दिवस जास्तीचे हातात ठेवा. पशुपतिनाथ आहेच की.

खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागातल्या, लोकांना हे सगळं फारसं आवडत नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. 2025 च्या सुरुवातीला तिथल्या तरुणांनी पर्यटक हेलिकॉप्टरच्या विरोधात आंदोलन केलं, उतरायच्या जागा अडवल्या. आवाज, घाबरणारी जनावरं हे आहेच, खरं मुख्य राग पोटाचा आहे. हायवे गावाबाहेरून गेल्यावर निपाणी-संकेश्वरच्या जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांचं जे झालं तेच तिथल्या लॉजवाल्यांचं, पाहुणा डोक्यावरून जातो आणि चहा सुद्धा घेत नाही. ट्रेकला ज्या बाईने मला रात्री गरम पाण्याची बाटली भरून दिली होती आणि पैसे घ्यायला तयार नव्हती, तिच्या घरावरूनच आम्ही उडत गेलो असणार. मी गेले, आणि ताईसाठी पुन्हा जाईन. पण मला ते बरं वाटलं नाही. नियम बदलतही असतात, काला पत्थरवर उतरवणार की नुसतं वरून फिरवणार हे बुकिंग करताना विचारून, लिहून घ्या.

मग जावं की नको? माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तरी चालेल. ज्यांना चालणं आता जमणारच नाही, वय झालंय, सांधे गेलेत, आणि आयुष्यभर मनात आहे, त्यांनी खुशाल जावं. सीटला हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातात, पैसे हातात असतील तर मुलांनी आई-वडिलांना न्यावं, त्यात कमीपणा काही नाही. ताई अजून सगळ्यांना सांगते. पण ज्यांचे पाय ठणठणीत आहेत, राजहंसगड न थांबता चढतात, आणि फक्त रजा मिळत नाही म्हणून हेलिकॉप्टर, त्यांना मी नको म्हणते. तुमच्यासाठी लुकलाहून दोन दिवस चालून नामचे, एक दिवस आराम, वर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (3,880 मीटर) जाऊन चहा पिऊन परत, आठवड्यात होतं. तिथून एव्हरेस्ट दिसतो, आमा दब्लमचं शिखर तर अंगावर येतं.

आणि गुडघेवाल्यांनो, एक गोष्ट कोणी सांगत नाही. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त बोंबलतात, चोर्ल्याच्या जंगलात एक साधा उतार उतरून आलात तरी कळतं. म्हणून चालत चढायचं, शरीराला उंची हळूहळू द्यायची, काला पत्थर पायाने गाठायचा, आणि गोरक्षेपहून, म्हणजे काला पत्थरच्या पायथ्याच्या मुक्कामावरून, लुकलापर्यंत हेलिकॉप्टरने उतरायचं, असं बरेच जण करतात. तीन-चार दिवस वाचतात, लॉजवाल्यांचंही पोट भरतं. मला विचाराल तर हेलिकॉप्टरचा सगळ्यात चांगला उपयोग हाच. फक्त जरा डोकं दुखलं की "हेलिकॉप्टर बोलवू का, इन्शुरन्स देतंय की" असं म्हणणारे गाईड भेटतात, या खोट्या रेस्क्यूवर 2018 मध्ये नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली होती, तेव्हा खरा त्रास आणि धंदा यातला फरक ओळखा.

एवढे पैसेही नकोत आणि चालणंही नको असेल तर काठमांडूहून सकाळी लहान विमानाची माउंटन फ्लाइट असते, तासाभराची, प्रत्येकाला खिडकी, खर्च खूपच कमी, उतरायची भानगड नाही, आणि विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो म्हणून उंचीचाही त्रास नाही. नाहीतर दार्जिलिंगकडे सांदकफू, 3,636 मीटर, जीप वरपर्यंत जाते, हवा साफ असली तर कांचनजंगा समोर आणि एव्हरेस्ट लांबवर. लहान दिसतो, खरं दहा मिनिटांत कोणी उठवत नाही.

आणि हो, नेपाळला व्हिसा लागत नाही म्हणून नुसतं आधार कार्ड घेऊन विमानतळावर जाऊ नका, 15 ते 65 वयाच्या माणसांना ते चालत नाही. पासपोर्ट, नाहीतर वोटर आयडी. आपल्याकडे निम्म्या घरात ते कुठल्या ट्रंकेत आहे ते निवडणुकीच्या आदल्या रात्रीच आठवतंय, तेव्हा बुकिंगच्या आधी ते शोधा, मग मला फोन करा.