तुम्ही विचारलंत म्हणून : मालगाडीतून समुद्राला गेलेली पाणबुडी

पहिल्या महायुद्धातील आरमारांचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. जर्मनीने पाणबुड्या सुट्या करून मालगाडीतून समुद्रापर्यंत नेल्या हे खरे का, आणि खरे असेल तर एवढ्याशा पाणबुडीने युद्धात काही साधले का? पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ एवढेच आहे. दुसऱ्या भागासाठी मात्र पहिल्या यूबी वर्गाची, म्हणजे किनाऱ्याजवळ वापरायच्या या लहान जर्मन पाणबुड्यांच्या पहिल्या प्रकाराची, रचना थोडी उलगडून पाहावी लागते, कारण या पाणबुडीचे गुण आणि दोष दोन्ही त्या मालगाडीपासूनच सुरू होतात.

ऑक्टोबर १९१४मध्ये अँटवर्प पडले आणि बेल्जियमचा किनारा जर्मनांच्या हाती आला. झेब्रुग आणि ओस्टेंड ही बंदरे इंग्लिश खाडीच्या तोंडाशी होती, इंग्लंडचा किनारा समोर होता, पण तिथून वापरता येईल अशी लहान पाणबुडी जर्मन आरमाराकडे नव्हती आणि मोठी बांधायला वर्षाहून अधिक काळ लागत असे. म्हणून त्याच महिन्यात एका अगदी साध्या नौकेची मागणी नोंदवली गेली : लवकर बांधता यावी, आणि सुटी करून रेल्वेने नेता यावी. कीलच्या गेर्मानियावेर्फ्ट आणि ब्रेमेनच्या एजी वेझर या दोन गोद्यांनी ते काम घेतले. पहिली नौका नोव्हेंबरच्या आरंभी बांधायला घेतली आणि २२ जानेवारी १९१५ रोजी ती पाण्यात उतरली.

रेल्वेची अट मान्य केली की बाकीची मापे जवळपास आपोआप ठरतात. लांबी २८ मीटर, रुंदी ३.१५ मीटर, वजन पृष्ठभागावर १२७ टन आणि बुडाल्यावर १४२ टन. आपल्या माझगाव गोदीत बांधलेली कलवरी ही पाणबुडी ६७.५ मीटर लांबीची आहे, यावरून अंदाज यावा. एवढ्या जागेत एकच डिझेल इंजिन बसले, तेही ६० अश्वशक्तीचे, सोबत १२० अश्वशक्तीची विजेची मोटर, आणि दोघांना मिळून नौका ढकलणारा एकच पंखा. वेग पाण्यावर साडेसहा नॉट, पाण्याखाली साडेपाच. पुढच्या बाजूला ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दोन नळ्या, त्यांत दोन पाणतीर, आणि वर एक मशीनगन. तोफ नाही, जादा पाणतीर नाही. एक अधिकारी आणि तेरा माणसे एवढेच मनुष्यबळ. जर्मन खलाशांनी हिला शिवणयंत्र म्हटले. इंजिनाचा जोर पाहता त्यांना दोष देता येत नाही.

सुटे भाग अँटवर्पजवळच्या होबोकेन येथील गोदीत जोडले जात आणि जोडणी साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होई. पण तिथून थेट समुद्रात जाणे शक्य नव्हते, कारण शेल्ट नदीचे मुख तटस्थ नेदरलँड्सच्या हद्दीत होते. त्यामुळे नौका आतल्या कालव्यांनी गेंटमार्गे ब्रूजला आणि तिथून झेब्रुगला नेल्या जात. यूबी-१० तिथे पोचली मार्च १९१५च्या अखेरीस, आणि त्याच सुमारास कार्ल बार्टेनबाख यांच्या हाताखाली फ्लँडर्सचा, म्हणजे बेल्जियमच्या या किनारी भागाचा, पाणबुडी ताफा उभा राहिला.

या नौकेचा सर्वांत त्रासदायक दोष वेगाचा नव्हता, समतोलाचा होता. सुमारे पाऊण टनाचा पाणतीर नळीतून सुटला की पुढचे वजन एकाएकी कमी होई. ती तूट भरून काढण्यासाठी पाणी घेणाऱ्या टाक्या होत्या, पण त्या दर वेळी नीट चालत नसत; पाणी कमी पडले तर नाक पृष्ठभागावर उसळे आणि शत्रूला दिसे, जास्त झाले तर नौका खाली जाऊ लागे. १० जून १९१५ रोजी एड्रियाटिक समुद्रात यूबी-१५ने इटलीची मेदूझा ही पाणबुडी बुडवली तेव्हा तोल सावरण्यासाठी सगळ्या खलाशांना मागच्या टोकाकडे धावावे लागले. एका पाणबुडीने दुसरी बुडवल्याच्या आरंभीच्या घटनांपैकी ही एक आहे.

यूबी-१५चा कप्तान होता हायनो फोन हाइमबुर्ग, आणि ‘काय साधले’ या प्रश्नाला सर्वांत ठोस उत्तर त्याच्याच कारकिर्दीतून मिळते. पुढे पोला या एड्रियाटिकवरच्या ऑस्ट्रियाच्या आरमारी तळावर रेल्वेनेच आलेली यूबी-१४ त्याच्याकडे सोपवली गेली. जर्मनी आणि इटली यांच्यात अजून युद्ध पुकारलेले नव्हते, म्हणून या नौका कागदोपत्री ऑस्ट्रियाच्या आणि खलाशी जर्मन, असा सोयीचा मामला होता. मला तो फारसा शोभादायक वाटत नाही. ७ जुलै १९१५च्या पहाटे व्हेनिसजवळ यूबी-१४ने अमाल्फी ही सुमारे दहा हजार टनांची इटालियन क्रूझर बुडवली. मग तुर्कस्तानला निघालेल्या यूबी-१४ला ऑस्ट्रियाच्या विनाशिकेने काही अंतर ओढत नेले, कारण स्वतःच्या इंधनावर तिथवर पोचणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. वाटेत इंजिन बिघडले, तेव्हा ती आशिया मायनरच्या किनाऱ्याला लागली आणि कॉन्स्टँटिनोपलहून कारागीर आगगाडीने आणि पुढे उंटावरून दुरुस्तीला आले. दुरुस्तीनंतर १३ ऑगस्ट रोजी तिने एजियन समुद्रात रॉयल एडवर्ड हे गॅलिपोलीकडे सैन्य नेणारे ब्रिटिश जहाज एका पाणतिराने बुडवले. जहाज काही मिनिटांत गेले आणि आठशेहून अधिक माणसे मेली. नोव्हेंबरमध्ये, पकडलेल्या एका फ्रेंच पाणबुडीत सापडलेल्या कागदांवरून ठिकाण कळताच, तिने मार्माराच्या समुद्रात ब्रिटिशांची ई-२० ही पाणबुडीही टिपली.

हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले हे मात्र विसरू नये. शिकार ठरावीक अरुंद वाटांनी येत होती आणि तिच्यासोबत पहारा नव्हता किंवा अपुरा होता. साडेसहा नॉटची नौका मालवाहू जहाजाचाही पाठलाग करू शकत नाही. ती फक्त वाट पाहू शकते. फ्लँडर्समध्ये हेच दुसऱ्या रीतीने दिसते. १ मे १९१५ रोजी यूबी-६ने रिक्रूट ही ब्रिटिश विनाशिका बुडवली खरी, पण यूबी-१०च्या खात्यावर जमा झालेली बरीचशी नावे इंग्लिश मासेमारी होड्यांची आहेत, ज्या थांबवून स्फोटकांनी उडवता येत आणि ज्यांच्यावर पाणतीर वाया घालवावा लागत नसे. ही सवय ब्रिटिशांच्या लक्षात आली. त्यांनी इन्व्हरलायन या शिडाच्या मासेमारी होडीवर लहान तोफ लपवली, आणि १५ ऑगस्ट १९१५ रोजी यूबी-४ निर्धास्तपणे जवळ येताच तिच्या कमांड-बुरुजावर मारा करून ती सर्व खलाशांसह बुडवली. यूबी-३ तर त्याआधीच मे महिन्यात पोलाहून तुर्कस्तानला जाताना नाहीशी झाली होती.

तेव्हा माझे मत असे : एका विशिष्ट किनाऱ्यासाठी, एका विशिष्ट वर्षात, ही नौका योग्य होती, त्या किनाऱ्यापासून दूर किंवा १९१६नंतर तिच्याकडून अपेक्षा करणे चुकीचे ठरले असते. जर्मन आरमारालाही तसेच वाटले असावे. वीस नौकांवर हा वर्ग थांबला. त्यांपैकी पाच ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेल्या, यूबी-८ बल्गेरियाला दिली गेली, आणि काही नवख्यांना शिकवण्यासाठी वापरल्या गेल्या. पुढच्या यूबी वर्गाला दोन इंजिने, दोन पंखे, ५० सेंटिमीटरचे पाणतीर आणि डेकवर तोफ मिळाली आणि वजन दुपटीहून वाढले. रेल्वेची सोय मात्र त्यांनी सोडली नाही : त्या वर्गातील यूबी-४२ ते यूबी-४७ या सहा नौका सुट्या होऊन मालगाडीनेच पोलाला गेल्या.