वाटणीतला डार्थ व्हेडर

वाटणीच्या याद्यांत पितळी घंगाळं पाहिली, सागवानी पलंग पाहिले, एकदा तर बंद पडलेली लॅम्ब्रेटाही पाहिली. या यादीत मात्र सगळ्यांत खाली लिहिलं होतं: 'काळा बाहुला, अमेरिकेचा, अंदाजे 5 लाख.'

माझा मूळ धंदा नाण्यांचा आणि तिकिटांचा, नागपुरात सीताबर्डीला. हल्ली लोक जुनी खेळणीही दाखवायला आणतात. इथे मलाच धंतोलीतल्या घरी बोलावलं होतं, कारण बाहुला घराबाहेर न्यायला दोघा भावांपैकी एकही तयार नव्हता. पोळा तोंडावर आलेला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, म्हणजे इडापिडा बाहेर घालवायला मिरवून जाळायचे पुतळे. आई सोफ्यावर बसून सगळं ऐकत होत्या.

टॉवेलावर ठेवलेला तो चारेक इंचांचा डार्थ व्हेडर, 'स्टार वॉर्स' सिनेमातला काळा खलनायक, पाहिला आणि पहिला वास आला खोबरेल तेलाचा. साहेब येणार म्हणून आईंनी सकाळीच तेल लावून चकचकीत केला होता. तेलानं ओरखडे लपतात, जुन्या प्लास्टिकवरची पांढुरकी झाकही लपते. म्हणून आधी मऊ फडक्यानं तो पुसत बसलो. पुसल्यावर पाठीवर झगा चिकटल्याचा डाग दिसला. माळ्यावरची पत्र्याची पेटी आणि नागपूरचा मे महिना, व्हिनाईलचं मऊ प्लास्टिक दुसरं काय करणार!

पायाच्या मागे बारीक अक्षरं होती: जीएमएफजीआय, 1977, हाँगकाँग. पहिली ही जनरल मिल्स फन ग्रुप, इन्कॉर्पोरेटेडची आद्याक्षरं. बाहुले काढणारी केनर कंपनी तेव्हा जनरल मिल्सच्या ताब्यात होती. आपल्या किराणा दुकानात पिल्सबरीचा आटा मिळतो ना, ती ही जनरल मिल्स.

"पाहा, सत्त्याहत्तर!" मोठे भाऊ म्हणाले. "काकांनी शिकागोत त्याच नाताळात घेतला. पहिल्या खेपेतला आहे ना जी."

ते शक्यच नव्हतं. 'स्टार वॉर्स' अमेरिकेत लागला मे 1977 मध्ये. सिनेमा इतका चालेल याचा अंदाज कोणालाच नव्हता, त्यामुळे नाताळपर्यंत केनरचे बाहुले तयारच झाले नाहीत. कंपनीनं मग पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत कुपन, ते भरून पाठवायचं आणि बाहुल्यांची वाट पाहायची. 1978 मध्ये टपालानं चार बाहुले घरी आले: ल्यूक, लिया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू. व्हेडर त्यात नव्हता. तो 1978 मध्ये दुकानांत आला आणि पुढे कित्येक वर्षं विकला गेला. पायावरचं साल कॉपीराइटच्या हक्काचं असतं, विक्रीचं नसतं. हे सांगितल्यावर धाकटे भाऊ आत गेले आणि काकांचं एरोग्राम घेऊन आले. त्यावर डिसेंबर 1980. मोठ्या भावांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

मग पाच लाख आले कुठून? मोबाईलवरून. 'व्हिनाईल केप' शोधलं की डोळे फिरवणारे आकडे दिसतात. पण ते सगळे जावाचे. जावा म्हणजे त्याच सिनेमातला टोपडं घातलेला बुटका प्राणी. त्याला सुरुवातीला व्हिनाईलचा झगा होता. तो स्वस्त दिसतो म्हणून कंपनीनं लवकरच कापडी केला, आणि व्हिनाईलवाला दुर्मीळ झाला. त्यासाठी लोकांनी ओबी-वान नावाच्या दुसऱ्या बाहुल्याचा झगा कापून जावाला चढवण्याचे उद्योगही केले आहेत. व्हेडरचा झगा मात्र व्हिनाईलचाच असतो. तो नसला तर किंमत पडते, असला म्हणून चढत नाही.

एक आशा होती, आणि खरं सांगायचं तर ती मलाही होती. अगदी सुरुवातीच्या काही व्हेडरांची तलवार दोनदा लांबते. हातातून लाल पातं सरकतं आणि त्या पोकळ पात्यातून आणखी एक काडी बाहेर येते. ती भानगड नाजूक ठरली आणि कंपनीनं सोडून दिली. असा व्हेडर आज खरोखर लाखांत जातो, म्हणून त्याच्या नकलाही होतात. मी भिंग लावलं. धाकटे भाऊ माझ्या खांद्यावरूनच पाहत होते.

"ओढून पाहा ना, भाऊ."

"ओढायचं नसतं. असलीच तर तुटेल."

"मग पाण्यात टाका. खरी तरंगते म्हणे."

तेही मी केलं नाही. तलवार हातातून उपसताना हाताची खाच फाटू शकते, आणि तरंगणं हा काही पक्का पुरावा नाही. हल्लीच्या काही नकलाही तरंगतात. भिंगाखाली जे होतं ते स्पष्ट होतं: टोकाचा बारीक भाग पात्यासोबतच ओतलेला, मध्ये सांधा नाही. तलवार एकेरी. पण अस्सल. दंडात दडून राहिलेला भाग गडद लाल, उघडा भाग फिकट, आणि खाचेच्या कडा वर्षानुवर्षं सरकवून झिजलेल्या. ही झीज नव्या नकलेत सहसा दिसत नाही. ती पाहून मला फार बरं वाटलं, पण झिजेचे पैसे कमीच होतात.

मी लिहिलं: अस्सल, पूर्ण, सांधे सैल, झगा चिकटलेला, मूळ वेष्टनाचा पुठ्ठा नाही, चार ते पाच हजार रुपये.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई म्हणाल्या, "काळ्या मारबतीसारखं ते तोंड! दोघं सहा महिन्यांपासून भांडून राह्यले त्याच्यासाठी. मारबतीच्या दिवशीच देऊन टाका बाहेर."

"काहून आई? माझं आहे ते," धाकटे म्हणाले. मोठ्यांनी लगेच पत्र दाखवलं. 'दोघा पोरांसाठी,' असं काकांनी लिहिलं होतं.

माझी फी दोन हजार होती. दोघांनी हजार-हजार काढले. मोठे भाऊ नोटा मोजता मोजता म्हणाले, "साहेब, बाहुल्यापेक्षा तुमचाच धंदा बरा दिसते."