जर्मनीत अपघात, चूक समोरच्याची: त्याच्या विमा कंपनीला लगेच हो म्हणू नका

चूक समोरच्याची असली की एक-दोन दिवसांत त्याच्या विमा कंपनीचा फोन येतो. माणूस गोड बोलतो. आमचा माणूस गाडी बघून जाईल, आमच्याच गॅरेजला टाका, भाड्याची गाडीही आम्हीच देऊ. म्युनिक-स्टुटगार्टकडचे आपले लोक इथे चटकन ‘हो’ म्हणतात आणि तिथेच पैसे सोडतात. ही कंपनी तुमची नाही. ती तुम्हाला जितके कमी पैसे देईल तितकं तिच्या फायद्याचं.

जर्मन दिवाणी कायद्याचं कलम 249 म्हणतं की अपघात झालाच नसता तर जी स्थिती असती, ती नुकसान करणाऱ्याने परत आणून द्यायची. यातूनच तुमचे दोन मोठे हक्क येतात: नुकसान तपासणारा तज्ज्ञ तुम्ही निवडायचा, वकीलही तुम्ही निवडायचा, आणि तुमची चूक शून्य असेल तर दोघांची फी समोरच्याच्या विम्याने भरायची. वकील ‘फाखआनवाल्ट फ्युअर फेरकेर्सरेश्ट’, म्हणजे वाहतूक कायद्यातला विशेषज्ञ बघा. ‘एवढ्याशा गोष्टीला वकील कशाला’ हा आपला संकोच इथे महागात पडतो.

तज्ज्ञाच्या अहवालाला गुटाख्टन म्हणतात. नुकसान साधारण 750 ते 1000 युरोच्या आत असेल तर त्याची फी मिळणं कठीण. तिथे गॅरेजचं खर्चाचं अंदाजपत्रक पुरतं. त्याहून जास्त असेल तर गुटाख्टन हवंच. मागून धडक बसलेला बंपर घ्या. प्लास्टिक दाबलं जातं आणि परत बाहेर येतं, वरून फक्त ओरखडा दिसतो. आतली आडवी पट्टी मात्र वाकलेली असते, सेन्सरचा ब्रॅकेट तुटलेला असतो आणि रडार पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं. फोटोवरून हिशोब करणाऱ्याला फक्त रंग दिसतो. शिवाय दुरुस्तीनंतरही अपघातग्रस्त गाडीची विक्रीची किंमत उतरते. ती घटही भरून मिळते, पण ती कुणीतरी अहवालात लिहायला लागते.

दुरुस्ती न करता रोख पैसेही घेता येतात, मात्र त्यात 19 टक्के कर धरत नाहीत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला तरी 130 टक्क्यांपर्यंत ती दुरुस्त करून घेता येते. अट अशी की काम अहवालाप्रमाणे पूर्ण करायचं आणि पुढे साधारण सहा महिने तीच गाडी वापरायची. गाडी गॅरेजमध्ये असताना भाड्याची घेतली नाही, तर तेवढ्या दिवसांची भरपाई मॉडेलप्रमाणे रोज 23 ते 175 युरो मिळते. घरात दुसरी गाडी रिकामी उभी असेल तर हे सहसा मिळत नाही.

चूक दोघांत वाटली गेली तर हे सगळं, तज्ज्ञाच्या फीसकट, त्याच प्रमाणात कापलं जातं. म्हणून रस्त्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासाला महत्त्व आहे. पिवळं जॅकेट घाला, इशाऱ्याचा त्रिकोण मागे लावा: गावात सुमारे 50 मीटर, हमरस्त्यावर 100, ऑटोबानवर 150 ते 200. कुणी जखमी असेल तर 112, पोलिसांना 110. किरकोळ धडकेत गाड्या बाजूला घ्याव्याच लागतात, पण आधी पटकन फोटो काढा: चाकं कुठे वळलेली, काचा कुठे पडल्या, लेनची रेघ कुठे आहे. ‘सॉरी, माझंच चुकलं’ हे सभ्यपणाने म्हणायची आपली सवय तेवढ्यापुरती आवरा. युरोपीय अपघात फॉर्मवर सही करायला हरकत नाही, त्यात फक्त घटना लिहिलेली असते. मात्र चूक कबूल केल्याचा कागद कुणी पुढे केला तर सही करू नका. पोलिसांना नाव, पत्ता, जन्मतारीख सांगावीच लागते. तुमच्यावर ठपका असेल तर अपघात कसा झाला हे सांगण्याची सक्ती नाही.

पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासून वायपरखाली चिठ्ठी ठेवणं इथे चालत नाही. पुरेसा वेळ थांबायचं, मालक आला नाही तर लगेच पोलिसांना कळवायचं. तसं न करता निघून गेलात तर दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा दंड रोजच्या कमाईच्या हिशोबाने, इतक्या दिवसांचा असा ठरतो; तो 90 दिवसांपलीकडे गेला तर जर्मन नागरिकत्वाच्या अर्जातही आडवा येतो.

भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं. सातव्या महिन्यात चालवणं हा गुन्हा. अशा वेळी अपघात झाला तर तुमची विमा कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग तुमच्याकडून 5000 युरोपर्यंत वसूल करू शकते. भाड्याची गाडी असेल तर ओरखड्यालाही पोलीस बोलवा. बहुतेक करारांत तशी अट असते आणि ती मोडली की विम्याचं संरक्षण जाऊ शकतं.

समोरचा विम्याचा तपशील देत नसेल तर गाडीचा नंबर लिहून घ्या आणि 0800 250 2600 वर फोन करा. ‘त्सेंट्रालरुफ’ ही विमा कंपन्यांचीच सामाईक सेवा आहे; नंबरवरून कंपनी कोणती ते सांगतात.

मान आखडली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जा. उशिरा गेलात तर वेदनेच्या भरपाईवेळी दुखणं अपघाताचंच आहे हे पटवत बसावं लागतं. दावा करायला वर्षअखेरीपासून तीन वर्षं मिळतात: मार्च 2025 मधला अपघात असेल तर 31 डिसेंबर 2028 पर्यंत. त्यामुळे ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असा मजकूर असलेला कागद कंपनीने चेकसोबत पाठवला, तर उपचार संपून डॉक्टरचा शेवटचा अहवाल हातात येईपर्यंत त्यावर सही करू नका.