आमची वाटचाल: आधी कॅबिनेट उघडा

आम्ही सुरुवात केली ती नवे गेमिंग पीसी असेंबल करून देण्यापासून. जुन्या मशीनचं काम तेव्हा फुटकळ होतं. धूळ झाडा, थर्मल पेस्ट बदला, फार तर रॅम वाढवा. आता बहुतेक गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच असतं, ‘मशीन आहे तेच राहू द्या, ग्राफिक्स कार्ड तेवढं नवं टाका.’

हा बदल 2020-21 मध्ये झाला. एकीकडे चिपचा तुटवडा, दुसरीकडे मायनिंगवाले, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे, दिसेल ते कार्ड उचलत होते. कार्डाविना नवा गेमिंग पीसी बांधणार कसा? ऑर्डरी अडकल्या, म्हणून आम्ही जुनी मशीन हातात घेतली. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात भराभर आली. मग लोक कार्ड आधीच घेऊन दारात उभे राहू लागले, ‘एवढं बसवून द्या.’

बसवायला काय, दोन स्क्रू आणि स्लॉटचा एक खटका. खरं काम एसएमपीएसपाशी, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, सुरू होतं. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॉट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी 75, आठ पिनांच्या केबलमधून 150. एसएमपीएसवर ठळक छापलेल्या वॉटच्या आकड्याकडे आम्ही बघतच नाही. खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघतो. तिथे 18 अँपिअरची एकच लाइन असेल, तर वर 450 छापलेलं असलं तरी हिशोब 216 वॉटवर संपतो. त्यातच प्रोसेसर आणि त्यातच कार्ड. अशा वेळी हार्ड डिस्कच्या पिनांवरून कन्व्हर्टर लावून काम भागवा म्हणणारे भेटतात. ते काम आम्ही घेत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मग येतो मदरबोर्ड. जानेवारी 2022 मध्ये आलेल्या आरएक्स 6500 एक्सटी या कार्डाला पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटेच्या, चारच लेन आहेत आणि मेमरी 4 जीबी. पीसीआयई 3.0 च्या बोर्डवर त्या चार लेनचा वेगही निम्मा होतो, आणि मेमरी भरली की गेम अडखळू लागतो. म्हणजे जुन्या मशीनवाल्यांना परवडेल असं हे कार्ड नेमकं जुन्याच मशीनवर मार खातं! आरटीएक्स 4060 ला आठ लेन आहेत, तिथे फरक बराच कमी पडतो. इंटेलच्या आर्क कार्डांसाठी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवा. तो नसेल, तर आम्ही दुसरं कार्ड सुचवतो.

‘नवं कार्ड टाकूनही गेम तसाच चालतो’ ही तक्रार आली, की आम्ही आधी कॅबिनेटची मागची बाजू बघतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच लावलेली, कार्ड नुसतं बसून, असं अनेकदा निघतं. मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए हे जुन्या पद्धतीचं पोर्ट, आणि नव्या कार्डांवर ते पोर्टच नाही. मग मिळेल त्या भोकात केबल जाते.

कार्ड विकण्याआधी आम्ही गिऱ्हाइकाचाच गेम त्याच्याच मशीनवर चालवतो आणि रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणतो. त्याने कार्डावरचा भार कमी होतो. तरीही फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढल्या नाहीत, तर अडचण बहुधा प्रोसेसरची. अशा मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी निघाली, तर दुसरी जोडूनच बराच फरक पडतो. कार्डाची विक्री हुकते, पण तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो. कार्ड आमच्याकडूनच घेतलं तर ते बिलात वळते करतो. सुरुवातीला लोक कुरकुरायचे.

ब्रँडेड ऑफिस मशीनचा प्रश्न मात्र वेगळाच. त्यातला एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा, बदलायची सोय नाही, वेगळी केबल नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये 6 जीबीचं आरटीएक्स 3050 आलं. ते 70 वॉटवर, नुसत्या स्लॉटवर चालतं आणि बुटक्या आकारातही मिळतं. तेव्हापासून ही मशीनही आम्ही घेतो.